सिंगापूरचं साहेबी जेवण आणि हायनानचे आचारी

आमच्याकडे सिंगापुरात पाहुणे आले की पहिल्या संध्याकाळी त्यांना जेवायला कुठे न्यायचं, यावर घरात चौदा वर्षं एकमत झालेलं नाही. बायकोचं म्हणणं, सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये न्यावं. १९४७ पासूनचं शाकाहारी हॉटेल, डोसा चांगला, कुणाचा धर्म बुडत नाही आणि विमानातून उतरलेल्या माणसाला ओळखीची चव बरी वाटते. मुलगी म्हणते, "बाबा, डोसा खायला ते पुण्याहून इथे आलेत का?" तिला त्यांना नॉर्थ ब्रिज रोडवरच्या झमझममध्ये न्यायचं असतं, मुर्तबाक खायला. मी दोघींचं ऐकून घेतो आणि पाहुणा सगळं खाणारा असेल, तर त्याला तिसरीकडेच घेऊन जातो.

ही तिसरी जागा एकच नाही, तीन-चार आहेत. त्यातली एक रशियन, एक इंग्रजी म्हणावी अशी, आणि एक अशी की तिला काय म्हणावं हे मला अजून सुचलेलं नाही. जेवण सगळ्यांत परदेशी. पण स्वयंपाकघरात डोकावलं, तर सगळीकडे एकाच बेटावरची माणसं, किंवा त्या माणसांची मुलं-नातवंडं. ते बेट म्हणजे चीनच्या अगदी दक्षिणेचं हायनान. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली, आणि लक्षात आलं तेही एका वेटरमुळे.

ऑर्चर्ड रोडवरच्या फार ईस्ट शॉपिंग सेंटरमध्ये सहाव्या मजल्यावर 'शाशलिक' नावाचं रेस्तराँ होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर दुपारचं टळटळीत ऊन आणि आत इतका अंधार, की मेन्यू वाचायला खिशातला फोन काढावा लागला. लाल खुर्च्या, गडद लाकूड, पांढरे टेबलक्लॉथ. वाढणारी माणसं सत्तरीच्या घरातली. आधी बोर्श्ट आलं, आंबटगोड लाल रस्सा, त्यात मांसाचे मऊ तुकडे आणि वर आंबट सायीचा गोळा. मग एक आजोबा लाकडी ट्रॉली ढकलत आले. सळईला लावलेले मांसाचे तुकडे त्यांनी आमच्यासमोर सोडवले, तव्यावर टाकले, दारू ओतून जाळ केला. शेवटी शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचं 'बेक्ड अलास्का' आलं. आत आइस्क्रीम, बाहेर अंड्याच्या पांढऱ्याचा भाजलेला फेस, आणि त्यावर पेटती ब्रँडी. दिवे मंद केले गेले. सगळं रेस्तराँ टाळ्या वाजवू लागलं.

माझ्याबरोबर ऑफिसातला सहकारी होता, होक्कियन घरातला. वाढणारी माणसं आपसांत जे बोलत होती ते तो कान देऊन ऐकत होता. मी विचारलं, "काय म्हणतायत?" तो म्हणाला, "कळत नाही. हायनानी आहे."

रशियन रेस्तराँमध्ये हायनानी का, हा प्रश्न मला तेव्हा पडला. उत्तर शोधायला गेलो आणि सिंगापूरच्या इतिहासाच्या मागच्या दाराशी येऊन पोचलो. पुढचं दार सगळ्यांना माहीत असतं. रॅफल्स, १८१९, बंदर, व्यापार वगैरे.

मागच्या दाराची गोष्ट अशी. सिंगापूर वसलं, तसे दक्षिण चीनमधून लोक येऊ लागले. फुजियानचे होक्कियन, त्यांच्या शेजारचे तिओचिऊ, मग कँटनीज. प्रत्येकाची बोली वेगळी आणि हळूहळू प्रत्येकाचा धंदाही वेगळा झाला. होक्कियन लोकांकडे घाऊक व्यापार आणि पुढे पेढ्या, तिओचिऊंकडे मिरी आणि गँबियरचे मळे, मासळी. कँटनीज सुतारकाम, सोनारकाम करत. हायनानी या रांगेत शेवटचे. १८५७ मध्ये त्यांचा संघ आणि देवीचं देऊळ उभं राहिलं, पण लोंढा यायला लागला तो त्यानंतर, हायनानचं बंदर परदेशी जहाजांना खुलं झाल्यावर. तोवर बाजारातल्या सगळ्या जागा भरल्या होत्या. बोली इतरांना कळत नाही, पैसा नाही, ओळख नाही. मग जी कामं इतर चिनी लोकांना नको होती ती त्यांनी धरली. जहाजावरची खलाशाची, रबराच्या मळ्यातली आणि गोऱ्या साहेबाच्या घरातली.

घरकामाला बायका का नाहीत, हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला लगेच पडेल. तर हायनानमधून बायकांना बाहेर पाठवायची रीतच नव्हती, किंबहुना मनाई होती. १९२० च्या दशकापर्यंत सिंगापुरात हायनानी बायका जवळजवळ दिसत नसत. त्यामुळे साहेबाच्या घरातला आचारी, वाढपी, कपडे धुणारा, सगळे पुरुष. त्यांना 'कुक-बॉय' म्हणत, वय साठ असलं तरी.

आता या साहेबाच्या घरात काय शिजत होतं? इथे गोष्ट आपल्याकडे वळते. सिंगापूरचा कारभार १८६७ पर्यंत कलकत्त्याहून चालत होता. ते आधी कंपनीच्या आणि मग हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीतलं एक लांबचं ठाणं होतं. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना इथे पाठवत. इथलं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल त्या कैद्यांच्या हातांनी बांधलं गेलं, आणि त्याच्या गिलाव्यात अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घातल्याची नोंद आहे. (हा उल्लेख वाचला तेव्हा मला आधी वाटलं, पाककृतीच वाचतोय.) साहेब, त्याची मेम, त्यांच्या सवयी, हे सगळं हिंदुस्थानातून आलेलं. दुपारच्या जेवणाला 'टिफिन', गोदामाला 'गोडाउन', सूप म्हणजे तमिळ मिळगु-तण्णीरवरून आलेलं मलगटॉनी, आणि रविवारी करी-भात. रॅफल्स हॉटेल १८८७ मध्ये सुरू केलं ते इराणातून आलेल्या सार्कीज या आर्मेनियन भावांनी. तिथल्या जेवणघराचं नावच 'टिफिन रूम'. आणि त्या हॉटेलच्या बारमधलं जगप्रसिद्ध 'सिंगापूर स्लिंग' १९१५ च्या सुमारास बनवलं, असं हॉटेल सांगतं, तो बारमन न्गियाम टाँग बून, हायनानी.

म्हणजे हायनानच्या कोळ्या-शेतकऱ्याच्या पोराने सिंगापुरात येऊन जे 'इंग्रजी' जेवण शिकलं, ते आधीच हिंदुस्थानातल्या बबर्चींच्या हातून गेलेलं होतं. मेमसाहेबाला स्वतःला फारसं करता येत नसे. ती सांगे, पुस्तकातून वाचून दाखवी, चव घेऊन नाक मुरडे. पोरगा लक्षात ठेवी. लिहायला-वाचायला येत नसेल तर सगळं डोक्यात. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना त्याच्याजवळ एकच भांडवल असे, आधीच्या साहेबाने दिलेली चिठ्ठी. इंग्रजीतला 'चिट' हा शब्द आपल्याच चिठ्ठीवरून गेला, आणि तो सिंगापूरपर्यंत पोचला होता.

या चिठ्ठ्यांबद्दल मला आमच्या ब्लॉकमधल्या एका अंकलनी सांगितलं. सिंगापुरात मोठ्या माणसाला, ओळख असो नसो, अंकलच म्हणतात. हे अंकल बंदरात कारकून होते, आता निवृत्त. संध्याकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बसलेले असतात. मी मराठी आहे म्हणजे काय हे त्यांना समजावताना बोलणं खाण्यावर आलं, आणि ते हायनानी निघाले. त्यांचे वडील सेंबावांगच्या नौदल तळावरच्या बंगल्यात आचारी होते. काळ्या तुळया, पांढऱ्या भिंती, असे ते बंगले. अजून पुष्कळ उभे आहेत. मागे नोकरांच्या खोल्या. अंकलचं लहानपण त्या मागच्या खोलीत गेलं. पुढच्या हिरवळीवर पाऊल टाकायचं नाही, आवाज करायचा नाही. साहेबाकडे आज काय आहे ते वासावरून कळायचं.

वडिलांचा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या. अंकल शाळेत इंग्रजी शिकले तेव्हा वडिलांनी एक दिवस डबा काढला आणि म्हणाले, वाच. बहुतेक चिठ्ठ्यांत प्रामाणिक, स्वच्छ, पुडिंग उत्तम वगैरे होतं. एका चिठ्ठीत मात्र लिहिलं होतं, की हा माणूस पितो, कपाटाला कुलूप लावा. वडील ती चिठ्ठी बारा वर्षं अभिमानाने दाखवत फिरले होते. अंकलनी काय केलं? "मी वाचलं, 'उत्तम आचारी'," ते म्हणाले. "काय सांगणार, ला?" असले किस्से हिंदुस्थानातल्या खानसाम्यांबद्दलही सांगितले जात, गंमत म्हणून. अंकलच्या तोंडून ऐकताना मला हसू आलं नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण खाण्यावरच्या लेखनात ती सहसा येत नाही. हे मुकाट्याने सूप वाढणारे लोक रात्री काय करत होते? शाळेत जात होते. १९२० च्या दशकात हायनानी कामगारांनी रात्रशाळा काढल्या होत्या, आणि त्यांत अक्षरओळखीबरोबर राजकारण शिकवलं जाई. आधी कुओमिंतांगची डावी बाजू, मग कम्युनिस्ट. १२ मार्च १९२७ ला सुन यात-सेन यांच्या दुसऱ्या स्मृतिदिनी सिंगापुरात मोठी मिरवणूक निघाली. तिच्यात या रात्रशाळांची पोरं पुढे होती. क्रेता आयेर पोलीस ठाण्यापाशी गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर शाळांवर धाडी पडल्या, त्या बंद केल्या गेल्या. मलायात कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला तेव्हा सुरुवातीच्या सभासदांत हायनानी लोकांचा भरणा होता. पोलिसांच्या दृष्टीने तो संशयित समाज. आणि त्याच पोलिसांच्या वरिष्ठांच्या घरी रात्रीचं जेवण त्याच समाजाची माणसं रांधत होती. विषप्रयोगाची भीती साहेबाला वाटत होती की नाही, हे मला कोडंच आहे. बहुधा आपल्या आचाऱ्याला राजकारण असू शकतं, हेच साहेबाच्या डोक्यात येत नसावं.

त्यानंतर त्यांच्या नोकऱ्यांना दोन धक्के बसले. १९३३ मध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या चिनी पुरुषांच्या संख्येवर मर्यादा घातली, बायकांवर मात्र काही वर्षं घातली नाही. कँटनच्या बाजूच्या बायका मोठ्या संख्येने आल्या, पांढरा सदरा आणि काळी विजार घालणाऱ्या, लग्न न करण्याची शपथ घेतलेल्या 'आमा'. त्यांनी घरकाम धरलं. मग जपानी आले. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि साहेब तुरुंगात गेला. साहेबाशिवाय कुक-बॉयचं काय काम? पुष्कळांनी ठेला लावला, कॉफीचं दुकान टाकलं.

मिडल रोड, पर्व्हिस स्ट्रीट आणि सीआ स्ट्रीट, रॅफल्स हॉटेलच्या अगदी पाठीमागचे हे तीन रस्ते म्हणजे हायनानी वस्ती. हॉटेलातली पाळी संपली की पाच मिनिटांत घर. तिथे गावागावांच्या खोल्या असत. बेकार झालेला, बोटीवरून उतरलेला, आजारी, असा कुणीही गाववाला तिथे पथारी टाकू शके. हे वाचताना मला मुंबईच्या धोबीतलावची आठवण झाली. तिथे गोव्यातल्या प्रत्येक गावाचा 'कूड' असे, आणि बोटीवर आचारी, बटलर म्हणून जाणारा गोंयकार दोन सफरींच्या मधे तिथेच ट्रंक ठेवून राही. साहेबाच्या ताटाशी ज्यांचं पोट बांधलेलं, त्यांना मधल्या रिकाम्या दिवसांची सोय स्वतःच करावी लागते, हे दोन्ही समुद्रांवर लोकांना आपापलं सुचलं होतं.

मिडल रोडवरची सर्वांत प्रसिद्ध देणगी म्हणजे चिकन-राइस. वाँग यी ग्वान नावाचा फेरीवाला खांद्यावरच्या कावडीत कोंबडी आणि केळीच्या पानात बांधलेले भाताचे गोळे घेऊन विकत फिरे, अशी त्याची मूळकथा. त्याच्या हाताखाली शिकलेल्याने मिडल रोडवर 'स्वी की' हे हॉटेल काढलं, ते १९९७ पर्यंत चाललं. पण चिकन-राइसबद्दल इतकं लिहिलं गेलंय, की मी इथे थांबतो. ते त्यांचं स्वतःचं अन्न. मला ओढ आहे ती त्यांनी उसनं घेऊन परत न केलेल्या अन्नाची.

उदाहरणार्थ, पोर्क चॉप. मला सुचत नाही ना काय म्हणावं, ते हेच. डुकराच्या मांसाचे पातळ काप ठेचून, सोया सॉस लावून ठेवायचे. इंग्रज पावाचा चुरा लावेल. हायनानी आचारी क्रीम क्रॅकर बिस्किटं कुटून तो चुरा लावतो. साहेबाच्या कोठीत बिस्किटांचे डबे नेहमी असत, आणि इथल्या दमट हवेत पाव टिकत नसे, असं त्याचं कारण मला अंकलनी सांगितलं. तळून झाल्यावर वरून रस्सा. टोमॅटो केचप, वूस्टर सॉस, कांदा, बटाट्याच्या फोडी आणि मटार. मटारांमुळे ते इंग्रजी दिसतं, केचपमुळे चिनी लागतं. मराठी माणसाला त्या चुऱ्याचा कुरकुरीतपणा रस्सा पडल्यावर मऊ होतो याचं वाईट वाटतं. मला तर फार वाटायचं, आता सवय झाली.

हाच चॉप घ्या, पांढऱ्या भातावर ठेवा, शेजारी शिजवलेली कोबी, तळलेलं अंडं, आणि त्यावर दोन वेगळ्या पातेल्यांतले दोन रस्से ओता, एक सोयाचा दाट तपकिरी आणि एक करीचा पिवळा. सगळं भातावर पसरून एक चिखल होतो. याला हायनानी करी-राइस म्हणतात. दिसायला इतकं कुरूप जेवण मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि आठवड्यातून एकदा ते मला लागतंच. त्यातली करी सौम्य, नारळाच्या दुधाची, पिठाने दाट झालेली. ती ना तमिळ, ना मलय. ती साहेबाच्या रविवारच्या टिफिनमधली करी आहे. हिंदुस्थानातून निघाली, मेमच्या जिभेला सोसेल इतकी फिकी झाली, आणि आचाऱ्याबरोबर मागच्या दाराने बाहेर पडून फूटपाथवर आली. आमच्या घरी आलेल्या एका मावशींना मी ती चाखायला दिली. त्या म्हणाल्या, "मसाला विसरलेत रे." विसरले नाहीत, मावशी. काढायला लावला होता.

हे सगळं रस्त्यावर मोठ्या प्रमाणात यायचं कारण मात्र राजकीय होतं. जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनच्या विल्सन सरकारने जाहीर केलं, की सुएझच्या पूर्वेकडचे लष्करी तळ १९७१ अखेर गुंडाळणार. सिंगापूर स्वतंत्र होऊन जेमतेम अडीच वर्षं झालेली. तळांचा देशाच्या उत्पन्नातला वाटा सुमारे एक पंचमांश. हजारो लोक थेट तळांच्या नोकरीत होते, आणि त्याहून कितीतरी जणांचं पोट त्यांच्यावर. आचारी, आया, माळी, शिंपी, बारवाले. अंकलच्या वडिलांना त्या वर्षी शेवटची चिठ्ठी मिळाली. वय छप्पन्न. साहेबाच्या कुटुंबाने जाताना त्यांना एक ओव्हन दिला. अंकलच्या घरात तो ठेवायला जागा नव्हती.

ज्यांच्यात हिंमत आणि थोडी पुंजी होती त्यांनी रेस्तराँ काढली. सिंगापूरच्या लोकांनाही तेव्हा पहिल्यांदा हातात थोडे पैसे खेळू लागले होते, आणि साहेब काय खात होता हे एकदा बसून खाऊन बघायची हौस होती. सेंबावांगच्या तळावर सैनिकांना खाऊ घालणाऱ्या एका हायनानी माणसाच्या धंद्यातूनच 'जॅक्स प्लेस' ही स्टेकची साखळी वाढली. अजून मॉलमॉलमध्ये दिसते. सळसळत्या लोखंडी तव्यावर येणारा स्टेक, सोबत उकडलेल्या भाज्या आणि मक्याचे दाणे. सत्तर-ऐंशीच्या दशकात सिंगापुरी माणसाची पहिली 'डेट', पहिल्या पगाराची मेजवानी, आईवडिलांना पहिल्यांदा सुरी-काट्याने जेवू घालणं, हे अशाच ठिकाणी झालं. माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा, डोळे मऊ होतात.

शाशलिकचा उगमही याच प्रकारचा, फक्त तिथला साहेब रशियन. १९१७ च्या क्रांतीनंतर पळालेले रशियन हार्बिन, शांघाय अशा चिनी शहरांत पसरले आणि त्यांचं बोर्श्ट चिनी आचाऱ्यांनी उचललं. शांघायमध्ये तर त्यातलं बीटच गेलं, टोमॅटो आणि कोबी राहिली. सिंगापुरात 'ट्रॉयका' नावाचं रशियन रेस्तराँ होतं, त्यातली कामाची माणसं हायनानी. ते बंद पडल्यावर तिथल्याच कर्मचाऱ्यांनी १९८६ मध्ये पैसे जमवून शाशलिक काढलं. मालक तेच, आचारी तेच, वाढपी तेच. त्या अंधाऱ्या खोलीत ट्रॉली ढकलणारे आजोबा वेटर नव्हते, भागीदार होते, हे मला फार नंतर कळलं. पहिल्या भेटीत मी त्यांना टिप ठेवली होती. त्यांनी ती घडी घालून परत माझ्या बशीखाली सरकवली. तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला होता.

(झमझमवर इथे अन्याय होतोय, मुलगी रागावेल. १९०८ पासून सुलतान मशिदीसमोर उभं असलेलं ते हॉटेल केरळच्या माणसाचं. मुर्तबाक येमेनकडून आलं असं म्हणतात. आणि केरळच्याच एका गोमेझनी १९४९ मध्ये सोफिया रोडवर माशाच्या डोक्याची करी सुरू केली, चिनी गिऱ्हाइकाला डोकं आवडतं हे ओळखून. तोही एक लेख होईल. पण ते दुकानदार होते, ठेल्याचे आणि हॉटेलचे धनी. आवडलं तर खा, नाहीतर पुढे जा. नोकराचं शिकणं निराळं.)

२०१५ च्या डिसेंबरात शाशलिक बंद झालं. भागीदार म्हातारे झाले होते, काही गेले होते. बातमी आली तशी दारात रांग लागली. वर्षानुवर्षं न फिरकलेले लोक मुलाबाळांना घेऊन शेवटचं बोर्श्ट प्यायला आले. मीही गेलो, जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी एका दिवंगत भागीदाराच्या मुलांनी ते पुन्हा उघडलं, जुन्या काही माणसांना परत बोलावून. अशी गोष्ट विरळा. बहुतेक ठिकाणी मुलं येत नाहीत, आणि न येण्यासाठीच बापांनी त्यांना शिकवलेलं असतं. अंकलना त्यांच्या वडिलांनी स्वयंपाकघरात कधी उभं केलं नाही. "कांदा चिरायला गेलो तर थप्पड," ते म्हणाले. वडिलांचा चॉप त्यांना करता येत नाही. ते बाहेर खातात आणि प्रत्येक ठिकाणी म्हणतात, तसा नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना सांगून टाकलं, "माझे आजोबाही लष्करात होते."

"सोल्जर?" अंकलनी विचारलं.

आमच्या घरात हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. आजोबा लष्करात होते, खडकीला, एवढंच वाक्य होतं, आणि ते पुरत असे. लग्न ठरवताना पुरलं, शाळेत निबंध लिहिताना मलाही पुरलं. संगमेश्वरकडचा माणूस, चौथी शिकलेला, १९३८ मध्ये खडकीला गेला आणि ऑफिसर्स मेसमध्ये चाकरीला लागला. आधी भांडी, मग आचारी. स्वातंत्र्यानंतर साहेब बदलले, मेन्यू फारसा बदलला नाही. मी अंकलना म्हणालो, "नाही. आचारी." एवढं बोलायला मला बेचाळीस वर्षं लागली. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "पुडिंग चांगलं करायचे का?"

मला माहीत नव्हतं. रात्री बाबांना पुण्याला फोन लावला. आधी ते गप्प राहिले, मग म्हणाले, "तुला कशाला हवंय आता?" मग बोलू लागले. आजोबांनी घरी कधी चूल पेटवली नाही. पाणीसुद्धा मागून घ्यायचे. मेसमध्ये काय काय करतात ते सांगायचे नाहीत. कटलेट, कस्टर्ड हे शब्द बाबांनी पहिल्यांदा कॉलेजात ऐकले. "फक्त शनिवारी," बाबा म्हणाले, "साहेब लोकांचा चहा असायचा. तेव्हा येताना पिशवीत पावाच्या कडा आणायचे. सँडविच करताना कापलेल्या. आई त्याला फोडणी द्यायची, कांदा, हळद, वरून थोडा गूळ. आम्ही चौघं वाट बघत बसायचो. ते स्वतः खायचे नाहीत."

मी विचारलं, "का?"

"पोट भरलंय म्हणायचे," बाबा म्हणाले, आणि विषय बदलून इथल्या पावसाचं विचारू लागले.